काटा आधी, कप्पा मागनं

कोल्हापूरजवळ शिरोलीला अण्णांची ट्रकच्या बॉड्या बांधायची शेड होती. शाळा सुटली की दप्तर भिंतीला टेकवून मी तिथंच. नुसती चासी यायची. तिच्यावर हौदा चढायचा, फाळके बसायचे, टपावर ताडपत्री आणि दोरखंडाची सोय व्हायची. मालक हौदा बघायला यायचा. ड्रायव्हर यायचा तो वेगळ्याच कामाला. स्टोव्ह कुठं बसणार, तांदळाचा डबा कुठं, अंथरूण कुठं, हे त्याचे प्रश्न. मग चासीच्या कडेला एक लोखंडी पेटी, सीटच्या मागं फळी, पाण्याच्या कॅनला बाहेरून कडी. अण्णा हे सगळं बिलात न धरता करून द्यायचे आणि आई त्यावरून त्यांच्याशी भांडायची.

आज आमचं वर्कशॉप अमेरिकेत, ॲरिझोनातल्या टूसॉनला आहे, आणि अण्णा जे बिलात धरत नव्हते तेवढंच आम्ही करतो. मी, हिशोब आणि गिऱ्हाईक सांभाळणारी माझी बायको, एक वेल्डर, एक सुतार. ट्रक कॅम्परमध्ये सामानाला जागा काढून देणं हा आमचा धंदा. गावाकडं फोनवर हे सांगितलं की पलीकडून हमखास येतं, "म्हणजे नक्की काय?"

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या हौद्यात बसवायची खोली. फाळका काढून ठेवायचा, कॅम्परच्या चार कोपऱ्यांचे जॅक फिरवून खोली उचलायची, तिच्याखाली ट्रक मागं घ्यायचा, खोली हौद्यात उतरवायची आणि चारही बाजूंनी चासीला आवळायची. मागं ओढायला काही नाही, त्यामुळं जिथं ट्रक जाईल तिथं घर जातं. पलंग केबिनच्या टपावर पुढं आलेला असतो. आत शेगडी, फ्रिज, मोरी, बसायला दोन बाकं. हौदा मात्र साडेसहा नाहीतर आठ फुटांचा. एवढ्यात इथली निवृत्त नवरा-बायको हिवाळ्याचे चार-चार महिने काढतात. सामान पायात येतं, मग ती आमच्याकडं येतात.

सुरुवात मंदीनं करून दिली. २००९ साली माझी डिझाइनची नोकरी गेली. शेजारी एक निवृत्त टपाल कर्मचारी राहायचे, त्यांच्याकडं ट्रक कॅम्पर होता. त्यांना मासेमारीच्या काठ्या ठेवायला जागा हवी होती; तोवर त्या पलंगावर, दोघांच्या मधे झोपायच्या. मी ट्रकखाली आणि हौद्यात टॉर्च घेऊन तासभर फिरलो आणि अण्णांची शेड आठवली. हौद्यात चाकांच्या कमानी आत आलेल्या असतात. दोन कमानींमध्ये साधारण ५० इंच जागा, म्हणून कॅम्परचा खालचा भाग त्याहून अरुंद बनवतात. पण कमानींच्या पुढं, मागं आणि वर हौदा रुंदच राहतो. दोन्ही अंगांना वीतभर पोकळी, आणि कॅम्पर एकदा बसला की ती कुणाला दिसतही नाही. मी कमानीच्या वरून थेट पुढपर्यंत जाणारा एक पाइप बसवला, मागून झाकण. काठ्या त्यात गेल्या. कमानीच्या मागच्या पोकळीत एक उभट पेटी केली, तिच्यात मैल्याच्या टाकीचा पाइप आणि चाकाखाली घालायचे ठोकळे. मजुरी सोडाच, मिळालेल्या पैशात ॲल्युमिनियमचा पत्राही निघाला नाही. पण त्यांनी ते चार जणांना दाखवलं.

पुढची दोन वर्षं आम्ही नुसती जागा शोधत होतो. मागच्या सीट काढून तिथं फळीचा मंच आणि त्यावर १२ व्होल्टचा फ्रिज. बाकाच्या वरून उघडणाऱ्या खोक्याला पुढून दार, म्हणजे दर वेळी माणूस उठवायला नको. नवे ट्रक केबिनला उंच असतात, म्हणून पलंग टपाला घासू नये यासाठी कॅम्परखाली तीन-चार इंचांचा चौथरा घालावा लागतो. बहुतेक जण तिथं नुसता फोम किंवा लाकडाच्या पट्ट्या टाकतात. आम्ही त्यात हौद्याभर लांबीचा चपटा ड्रॉवर बसवला. हे आमचं सगळ्यात जास्त खपलेलं काम. हे सुचलं कसं म्हणाल तर गावच्या घरातल्या पलंगाखालच्या पेटीवरून. पहिले ड्रॉवर खडबडीत मातीच्या रस्त्यावर आपोआप उघडले, एकाचे स्क्रू तर आठवड्यात गळून पडले. तेव्हापासून दोन्ही टोकांना अडकणारी रेल आणि सगळीकडं हादऱ्यानं सैल न होणारे नायलॉनवाले नट.

आणि मग तो मागचा डबा.

एका जोडप्याला मोठा डबा हवा होता: खुर्च्या, जनरेटर, हत्यारं, सगळं एकत्र. आम्ही हिच रिसीव्हरला, म्हणजे ट्रकच्या मागं ट्रेलर जोडायच्या चौकोनी खोबणीला, लांबट दांडा जोडला आणि कॅम्परच्या मागं डबा टांगला. दिसायला देखणा. नंबर प्लेट आणि दिवे त्याच्यामागं झाकले जातील हे आधीच ओळखून आम्ही ते डब्यावर घेतले, म्हणून मी जरा फुशारलोही होतो. दोघं टूसॉनजवळच्या माउंट लेमन डोंगराच्या घाटात गेली. वळणावर स्टिअरिंग हलकं लागायला लागलं, हातात काही येईना. नशीब की ते हळू चालवत होते.

मी ट्रक घेऊन महामार्गावरच्या वजनकाट्यावर गेलो. तिथं पुढच्या आणि मागच्या आसाचं वजन वेगळं छापून मिळतं. आधी डबा लावून, मग काढून. पावत्या हातात घेतल्या आणि गाडीतच बसून राहिलो. डबा भरून २०० किलो. मागच्या आसापासून तो ८ फूट मागं आणि दोन आसांमधलं अंतर १३ फूट ४ इंच. गणित सोपं आहे: २०० गुणिले ८ भागिले १३.३, म्हणजे पुढच्या चाकांवरचं १२० किलो वजन उचललं गेलं, आणि मागच्या आसावर २०० ऐवजी ३२० किलो पडलं. उसाची बैलगाडी मागं जास्त भरली की उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उठतं, तेच. हे मी लहानपणी रोज बघितलेलं. इंजिनिअर होऊन विसरलो. डब्याचे पैसे परत केले आणि त्या महिन्याचं भाडं बायकोनं तिच्या साठवलेल्या पैशातून भरलं. ते ती अजून सांगते, आणि सांगावंच.

तिथून धंद्याची पद्धत बदलली. आता कुणीही आलं की आम्ही टेप काढत नाही. आधी ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं पिवळं स्टिकर वाचायला लावतो: माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते तिथं लिहिलेलं असतं. मग गाडी नेहमीसारखी भरून, टाकीत पाणी घालून, काट्यावर जाऊन पावती आणायची. गॅलनभर पाणी म्हणजे पावणेचार किलोच्या वर, ३० गॅलनच्या टाकीचे ११३ किलो झाले. ते कुणी सामानात धरतच नाही. निम्मी गिऱ्हाइकं कबूल वजनाच्या पुढं आधीच गेलेली निघतात. त्यांना आम्ही काय कप्पा करून देणार? त्यांच्याबरोबर बसून काय काढायचं ते ठरवतो. एका बाईंकडं बिडाचे पाच तवे निघाले. त्यातले तीन घरी पाठवले. चौथ्यावर त्या अडून बसल्या, तो राहिला. या सल्ल्याचे आम्ही पैसे घेतो. अण्णांना हे पटणार नाही.

वजन बसलं की जागा ठरवणं सोपं. जड ते खाली आणि मागच्या आसाच्या पुढं. कपडे, उशा, कागदी रुमाल असलं हलकं पलंगाकडं. टपावरच्या पेटीला मी अजूनही नाखूश असतो, कारण उंची वाढते आणि झाडाची फांदी विचारून येत नाही. हौद्याखाली चासीच्या कडेला पेटी करतो, पण सायलेन्सरच्या बाजूला नाही. डिझेल गाड्यांचा तो भाग भलताच तापतो. गॅसच्या कप्प्यात उरलेल्या जागेत चपला, दोऱ्या, कोळशाची पिशवी कोंबणारे बरेच भेटतात. तो गॅस हवेपेक्षा जड, म्हणून गळाला तर बाहेर जायला कप्प्याला तळाशी भोक असतं. पिशवी नेमकी त्याच्यावर बसते. तिथलं सामान आम्ही न विचारता बाहेर काढतो.

२०२० नंतर लोक विमानाऐवजी गाडीनं निघाले आणि आमचा फोन थांबेना. २०२१ साली अमेरिकेत ६ लाखांहून जास्त फिरती घरं कारखान्यांतून बाहेर पडली, तोवरचा उच्चांक. त्यातले ट्रक कॅम्पर थोडेच, पण आमच्या चार माणसांना तेही झेपेनात. पत्रा महाग झाला, ड्रॉवरच्या रेल महिनोन्महिने येईनात. त्या वर्षी दोन कामं घाईत बिघडवली आणि फुकट नीट करून दिली. आता महिन्याला ठरावीकच गाड्या घेतो. जानेवारीत मात्र शेड बंद. कॅलिफोर्नियाच्या सीमेकडं क्वार्टझसाइट नावाचं छोटं गाव आहे. हिवाळ्यात त्याच्या भोवतीच्या वाळवंटात फिरत्या घरांची जत्राच भरते. तिथं आम्ही टेबल मांडून बसतो. एका दिवसात जेवढे कॅम्पर आतून बघायला मिळतात, तेवढे शेडमध्ये वर्षात येत नाहीत.

गेल्या हिवाळ्यात अण्णा इकडं आले. शेडमध्ये खुर्ची टाकून आठवडाभर बसले, बोलले काही नाही. शेवटच्या दिवशी एक तयार ट्रक बाहेर काढत होतो. मागच्या बंपरखाली नवी पेटी, चपटा ड्रॉवर, दोन्ही बाजूंना पाइप. अण्णा उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली बघितलं.

"स्टेपनी कशी काढणार?"

स्टेपनी हौद्याखाली टांगलेली असते. बंपरजवळच्या भोकातून दांडा घालून ती खाली सोडायची. मी दांडा घातला. आमच्या पेटीची कड बरोबर मधे येत होती, दांडा अर्ध्यावर अडला.

पेटी उतरवली, चार इंच बाजूला सरकवून नव्यानं बसवली. गाडी एक दिवस उशिरा गेली. आता गाडी देण्याआधीच्या आमच्या कागदावर पहिल्या ओळीत काट्याची पावती असते आणि दुसऱ्या ओळीत, मराठीत, बायकोच्या अक्षरात: स्टेपनी काढून बघितली का?