सोळा जागांनंतर: आमच्या तालुक्यात बूथ बांधताना

२३ नोव्हेंबर २०२४ला निकाल लागला आणि महाराष्ट्रात काँग्रेस १६ आमदारांवर आली. त्याच वर्षी जूनमध्ये लोकसभेच्या १३ जागा जिंकून पक्ष राज्यात पहिला होता. संगमनेरला बाळासाहेब थोरात पडले, कऱ्हाड दक्षिणला पृथ्वीराज चव्हाण पडले, साकोलीत नाना पटोले जेमतेम २०८ मतांनी निवडून आले. विदर्भातली आमची जागाही गेली.

२०२५च्या फेब्रुवारीत हर्षवर्धन सपकाळ पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. जिल्हा परिषदेतून वर आलेला माणूस, म्हणून आम्हाला हुरूप आला. तरी मुंबईत अध्यक्ष बदलल्याने गावच्या बूथवर माणूस बसत नाही.

आम्ही मतदार यादीचे भाग, म्हणजे एकेका बूथची यादी, समोर घेतले आणि एकेका भागाला विचारत गेलो, इथे दिवसभर कोण बसेल? जुन्यांपैकी काही थकले होते, काही पोरं कामासाठी पुण्याला गेली होती. मोठ्या आडनावाचा माणूस नको, यादीतली घरं तोंडपाठ असलेला हवा, हे मी धरून बसलो. अशी माणसं जास्त करून बचत गटांच्या बायकांत सापडली. कोणाची सून लग्न होऊन आली, कोण वारलं, कोणाचं अठरा पूर्ण झालं, त्यांना सगळं ठाऊक. नवं नाव असेल तर नमुना ६, पत्ता बदलला तर नमुना ८, हे त्या लगेच शिकल्या.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही १७-सी हा नमुना समजावण्यात घालवला. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष बूथवर बसलेल्या उमेदवाराच्या एजंटाला या नमुन्याची प्रत देतो. त्यात यंत्राचे क्रमांक आणि झालेलं एकूण मतदान असतं. विधानसभेला संध्याकाळी पाचचा आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम ६६.०५. त्यावर राज्यभर वाद पेटला. माझं म्हणणं असं, की शंका घ्यायची तर प्रत्येक बूथचा हा कागद आपल्या फायलीत हवा, आणि तो शेवटपर्यंत जागा न सोडणाऱ्यालाच मिळतो.

मग घरोघरी गेलो. "निवडणूक तर झाली भाऊ, आता काय मागायला आले?" असं लोक विचारायचे. काही मागायला आलो नाही, हे पटायला वेळ लागला. एकदा पटलं की बोलणं सुटायचं: सोयाबीनचा २०२४-२५चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि हातात पडत होते त्याहून कितीतरी कमी, लाडक्या बहिणीचे १,५०० मात्र दर महिन्याला खात्यात येत होते. बायका त्या पैशांबद्दल मनापासून बोलत. त्यांना नावं ठेवायची नाहीत, असं मी आमच्या प्रत्येक पोराला बजावलं.

आता बूथवाल्यांचं एकच मागणं आहे. जिल्हा परिषदेचं तिकीट ठरवण्याआधी त्यांना विचारा. ते मी तालुक्याच्या बैठकीत लेखी दिलं आहे.