मेणबत्ती जळत होती

फ्रान्सच्या बरगंडी भागातील एका लहान, घरच्याच माणसांनी चालवलेल्या द्राक्षमळ्यावर मी २०२२च्या खुड्याच्या तोंडावर पोहोचले आणि पुढच्या फेब्रुवारीत परतले. त्या सहा महिन्यांविषयी कोणी विचारले, तर मी तिथल्या जमिनीबद्दल, पिंपांबद्दल आणि धुक्यातल्या छाटणीबद्दल भरभरून सांगते. सप्टेंबरातील एका दुपारविषयी मात्र मी आजवर कोणालाच नीट क्रमाने सांगितलेले नाही.

मी दिंडोरी तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराची मुलगी. नाशिक परिसरातील एका मोठ्या वायनरीत मी तीन हंगाम प्रयोगशाळेत आणि टाक्यांवर काम केले होते. आपल्याकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी होते आणि वाइनच्या द्राक्षांचा खुडा जानेवारी ते मार्च या काळात येतो. फ्रान्समध्ये तोच ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात येतो. त्यामुळे आमच्या धंद्यातल्या माणसाला एका वर्षात दोन हंगाम पाहता येतात, आणि मी गेले ती याच हिशेबाने.

हा मळा बोन शहराच्या दक्षिणेला होता. एकूण क्षेत्र नऊ हेक्टर, पण ते वीसहून अधिक तुकड्यांत विखुरलेले. तिथे जमीन अजूनही ‘उव्रे’मध्ये मोजतात. एका माणसाने एका दिवसात कुदळीने जेवढी जमीन खणावी, तेवढी म्हणजे एक उव्रे. साधारण ४२८ चौरस मीटर, आपल्या चार गुंठ्यांहून थोडी जास्त. नेपोलियनच्या काळापासून सर्व मुलांना वाटा देणारा वारसाकायदा असल्याने पिढ्यापिढ्यांत वाटण्या होत गेल्या. सातबाऱ्यावर भावाभावांची नावे वाढत जाताना ज्याने पाहिली आहेत, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. फरक एवढाच की तिथे प्रत्येक तुकड्याला स्वतःचे नाव आणि स्वतःची चव असते. अशा १,२४७ तुकड्यांना, ज्यांना ते ‘क्लिमा’ म्हणतात, २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. वेली एकमेकींपासून जेमतेम मीटरभर, हेक्टरी सुमारे दहा हजार. वेलींमध्ये नऊ-बाय-पाच फुटांचे अंतर असलेल्या बागेत वाढलेल्या मला पहिले काही दिवस त्या ओळींतून चालताना अंग चोरून घ्यावे लागले.

घरात तीन पिढ्या होत्या. सत्तरी ओलांडलेले आजोबा, ज्यांना नातवंडे ‘पेपे’ म्हणत आणि मी मनातल्या मनात आजोबाच म्हणत असे. त्यांचा मुलगा, जो कागदोपत्री मालक होता. आणि एकोणीस वर्षांचा नातू. मुलगा सर्व परवानग्या, बँक आणि विक्री पाहत असे. वाइन मात्र आजोबांच्या शब्दावर चाले, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

त्यांच्या पद्धतीविषयी मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण पुढे जे घडले ते याच पद्धतीच्या पोटात घडले. पिनो न्वार ही तिथली काळी द्राक्षे हाताने खुडून उथळ क्रेटमध्ये येई, म्हणजे घड घडाखाली चेंगरत नसे. काही घड देठांसकट, बाकीचे देठ काढून, वरच्या माचीवरून सरळ ओकच्या उघड्या हौदात पडत. पंप कुठेच नाही. एका हौदात चाळीस हेक्टोलिटर, म्हणजे चार हजार लिटर. पाकिटातले यीस्ट घालायचे नाही. द्राक्षाच्या सालीवर आणि त्या खोलीच्या लाकडात वर्षानुवर्षे वसलेले यीस्ट आपोआप कामाला लागेपर्यंत तीन-चार दिवस थांबायचे. मग एका सकाळी साली आणि देठ वर उचलले जातात, जाड थर तयार होतो आणि हौद आतून कुजबुजू लागतो. तो थर दिवसातून दोनदा खाली दाबावा लागतो, आणि तो पायांनीच दाबायचा, असा आजोबांचा आग्रह होता. मांडीपर्यंत त्या चोथ्यात उतरल्यावर वरचा थर चटका बसेल इतका गरम लागतो, खालचा रस कोमट, आणि मध्येच एखादी थंडगार जागा लागते, जिथले घड अजून फुटलेलेही नसतात. ती जागा पोटरीला कळते. तापमापकाला कळत नाही, कारण तापमापक एकाच ठिकाणी बुडवलेला असतो. पडद्यावरचा आकडा पाहून टाकीला थंडावा देणाऱ्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी असा एक तरी हंगाम काढायला हवा, असे मला आजही वाटते.

रसाची घनता मी सकाळ-संध्याकाळ हायड्रोमीटरने मोजून हौदाला टांगलेल्या पाटीवर खडूने लिहीत असे. १०९२, १०७८, १०५१ असे उतरत जाणारे आकडे. मी लिहिण्याआधी आजोबा हौदाच्या काठाशी नाक नेऊन आकडा सांगत, आणि तो क्वचितच तीन-चार अंकांपेक्षा अधिक चुके. ज्या माणसाचे नाक हायड्रोमीटरच्या इतके जवळ जाते, त्याच्यासमोर आपण यंत्रे बाहेर काढायची म्हणजे अपमानच, असे मला पहिल्या आठवड्यातच वाटू लागले होते.

आता त्या वायूविषयी. साखरेचे मद्य होताना साखरेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरभर रसातून सुमारे पन्नास लिटर वायू निघतो. म्हणजे एका हौदातून दोन लाख लिटर. तो हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे वर उडून जात नाही, पाण्यासारखा खोलगट जागी साचतो. वाइन करणारे लोक त्याला शत्रू मानत नाहीत, ही गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. आंबणे मंदावले की हौदावर प्लॅस्टिक अंथरून तोच वायू मुद्दाम कोंडून ठेवतात, कारण तो हवेला दूर ठेवतो आणि वाइनचे शिरके होऊ देत नाही.

नाशिकच्या वायनरीत टाकीजवळ जाताना छातीवर वायूमापक लावणे सक्तीचे होते. इकडे येताना मी स्वतःच्या पगारातून घेतलेला एक मापक बरोबर आणला होता. बाहेरच्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो. आठ तासांच्या कामासाठी ०.५ टक्क्याची मर्यादा मानतात आणि मापकाची पहिली शिट्टी तिथे वाजते. आंबवण्याच्या त्या खोलीत पहिल्या दिवशी तो सतत वाजत राहिला. आजोबांनी हसून कानांवर हात ठेवले, नातू दिवसभर त्या शिट्टीची नक्कल करत फिरला, आणि संध्याकाळी मालक सौम्यपणे म्हणाले की पाहुण्यांसमोर तरी तो बंद ठेवता आला तर बरे. चार दिवसांनी मी तो बंद करून माझ्या बॅगेत ठेवला. खोलीच्या दारामागे शेतकऱ्यांच्या विमा संस्थेचे या वायूविषयीचे पत्रक लावलेले होते. त्याच्यावर खुंटी होती आणि खुंटीवर कोट.

आजोबांचे साधन मेणबत्ती. तारेला बांधलेल्या पत्र्याच्या वाटीत ती ठेवून हौदात सोडायची. जळत राहिली तर उतरायचे, विझली तर थांबायचे. आमच्याकडे जुन्या विहिरीचा गाळ काढायला माणूस उतरवण्याआधी वडील कंदील सोडतात, तसेच. पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा मला घरची आठवण होऊन भरून आले होते, आणि त्यामुळेही कदाचित मी काही बोलले नाही.

ती सप्टेंबरच्या मध्यावरची दुपार होती. आदल्या वर्षी, एप्रिल २०२१ मध्ये, दहिवराने कोंब जाळून या भागातले पीक फार कमी केले होते. २०२२ मध्ये भरपूर आले, म्हणून सगळे हौद काठोकाठ भरले होते आणि सगळेच घाईत होते. सकाळी तिसऱ्या हौदातली वाइन खालच्या तोटीतून उतारानेच तळघरात सोडली. दोन तासांनी हौदात फक्त चोथा उरला, कमरेच्या थोडा खाली येईल एवढा. तो दाताळ्याने बादल्यांत भरून कप्पीच्या दोराने वर ओढायचा आणि जुन्या उभ्या लाकडी प्रेसमध्ये, म्हणजे चोथा पिळायच्या यंत्रात, घालायचा, हे वर्षातले सर्वांत कष्टाचे काम. आजोबांनी मेणबत्ती चोथ्यापर्यंत सोडली. ती पिवळी, स्थिर जळली. नातू शिडीने उतरला.

सुरुवातीला तो चोथ्यावर उभा होता, तेव्हा त्याचे डोके हौदाच्या काठाच्या वर होते. आम्ही बोलत होतो. चोथा जसजसा कमी झाला तसतसा तो खाली जात राहिला, आणि प्रत्येक वेळी दाताळे घालताना वाकू लागला. मेणबत्तीने सांगितले होते ते न ढवळलेल्या चोथ्याबद्दल. सालींमध्ये अडकलेला वायू दाताळ्याच्या प्रत्येक फटक्यासरशी सुटत होता आणि त्याच्याच गुडघ्यांभोवती, मग छातीभोवती साचत होता. शिवाय ज्योत विझण्यापूर्वीच वायूचे प्रमाण माणसाला खाली पाडण्याइतके होऊ शकते, हे मी शिकले होते. परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिले होते.

तो बोलायचा थांबला हे मला आधी कळले. मग बादली अर्धीच भरून वर आली. मी काठावरून पाहिले तर तो दाताळ्यावर भार देऊन उभा होता, दारू प्यायलेल्यासारखा हसला, आणि गुडघ्यांवर बसला. मी दोनदा नाव घेऊन हाक मारली. तो हौदाच्या भिंतीला टेकून घसरला.

आजोबांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांनी एक पाय शिडीवर टाकला होता. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी घालून त्यांना मागे ओढले आणि आम्ही दोघेही माचीवर पडलो. मी काय ओरडत होते ते मला आठवत नाही. मालक नंतर म्हणाले की मी मराठीत ओरडत होते. वाचवायला उतरलेला माणूस पहिल्याच्या शेजारी पडतो, हे या वायूचे नेहमीचे आहे; आपल्याकडे विहिरींत आणि मैल्याच्या टाक्यांत एकामागोमाग माणसे जातात ती याच रीतीने. आजोबा माझ्या हातांवर मारत होते. एका वडीलधाऱ्या माणसाला मी त्याच्याच घरात, त्याच्याच नातवापासून, बळाने अडवून धरले होते.

मालकांनी कोपऱ्यातला मोठा पंखा उचलून काठावर आडव्या टाकलेल्या फळीवर चढवला आणि झोत आत सोडला. मग त्यांनी चोथा दाबायच्या लांब दांड्याने कप्पीचा आकडा खाली नेऊन मुलाच्या डांगरीच्या पाठीवरच्या पट्ट्यांत अडकवला. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा बसला. मी आजोबांना सोडले आणि तिघांनी मिळून दोर ओढला. हे सर्व दोन मिनिटांत झाले असावे. माचीवर ठेवला तेव्हा त्याचा श्वास चालू होता, खोल आणि घोरल्यासारखा. बाहेर अंगणात नेल्यावर त्याने डोळे उघडले. अग्निशमन दलाचे लोक गावातलेच होते, स्वयंसेवक. त्यांच्यापैकी एक जण शेजारच्या मळ्यातला, हातांना द्राक्षांचे डाग तसेच. त्यांनी ऑक्सिजन लावला. नातू एक रात्र रुग्णालयात राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आला. त्याला फक्त एवढे आठवत होते की त्याला फार झोप येत होती आणि ते छान वाटत होते.

रुग्णवाहिका गेल्यावर मी बॅगेतून मापक काढला, चालू केला, आणि दोरीला बांधून हौदात सोडला. पंखा एव्हाना बराच वेळ चालू होता. तरीही तो तळाशी जाण्याआधीच वाजू लागला. आजोबा दारात उभे होते. त्यांनी तो आवाज ऐकला, जवळ आले, आणि आकडा वाचण्यासाठी चष्मा लावला.

“हे तुझ्याकडे होते?” त्यांनी विचारले.

“हो.”

“आज कुठे होते?”

“बॅगेत.”

ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. त्यांनी मान हलवली, मापक माझ्या हातात परत दिला आणि प्रेसकडे गेले, कारण काढलेला अर्धा चोथा तिथे पडून होता आणि संध्याकाळपर्यंत त्याला आंबूस वास सुटला असता. मीही गेले. उरलेला चोथा आम्ही दुसऱ्या दिवशी काढला. पंखा रात्रभर चालू ठेवून, दोर कमरेला बांधून, मापक लावून. आजोबांनी त्या दिवशीही मेणबत्ती सोडली. ती जळत राहिली, आणि तिच्या शेजारी मापक वाजत होता. त्यांनी दोन्हीकडे बराच वेळ पाहिले आणि मग सर्वांना बाहेर जायला सांगितले. तासाभराने शिट्टी थांबल्यावरच मालक खाली उतरले.

त्या हौदातली वाइन चौदा पिंपांत भरली, प्रत्येकी २२८ लिटरच्या. हिवाळाभर मी दर आठवड्याला ती पिंपे काठापर्यंत भरत राहिले, आणि फेब्रुवारीत निघण्याआधी आजोबांनी त्यांतल्याच एका पिंपातून काचेच्या नळीने माझ्यासाठी घोटभर काढली. ती चांगली होती, इतर हौदांइतकीच. मी आता दिंडोरीत वडिलांबरोबर आहे. गेल्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा होता. वडील कंदील घेऊन आले, आणि मी मापक घेऊन त्यांच्या आधी काठावर जाऊन उभी राहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांना ते आवडले नाही, हे मला दिसले.