आधी सूर्यास्त बघा, मग पाहुणे मोजा

थंडीतल्या सहली आणि अंगणातले समारंभ गारठ्यापेक्षा अंधाराने जास्त बिघडतात. स्वेटर आठवणीने घेतले जातात, शेकोटीला लाकडंही येतात, पण त्या दिवशी सूर्य किती वाजता मावळणार हे कुणी बघितलेलं नसतं. मग डोंगर उतरणारी मंडळी निम्म्या वाटेवर काळोखात सापडतात आणि अंगणातल्या जेवणाची मांडामांड मोबाइलच्या उजेडात करावी लागते. म्हणून नियोजनाचा कागद हातात घेतला की पहिली ओळ सूर्यास्ताची लिहावी आणि तिथून उलटं मोजत मागे यावं. इथल्या ऋतूंच्या तारखा उत्तर गोलार्धाच्या आहेत. दक्षिणेकडच्यांनी त्या सहा महिने सरकवून घ्याव्यात.

२२-२३ सप्टेंबरच्या सुमाराला दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात, आणि नेमका याच काळात दिवस सर्वांत वेगाने आखडत असतो. २० अक्षांशावर रोज मिनिटभरापेक्षा थोडा जास्त, ४० वर अडीच मिनिटांहून जास्त, तर ५० वर जवळजवळ पावणेचार मिनिटं. ५० अक्षांशावर तीन आठवड्यांत सव्वा तास गेला! सप्टेंबरअखेरीला जागा पाहून ठरवलेली वेळ ऑक्टोबरच्या मध्याला चालत नाही, ती याचमुळे. जिथे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात, तिथे तर संध्याकाळ एका रात्रीत आणखी एक तास अलीकडे येते. तुमचा कार्यक्रम त्या बदलाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आमंत्रण धाडण्याआधी तपासा.

सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. २० अक्षांशावर तो सुमारे ११ तासांचा, ४० वर साधारण ९ तास २० मिनिटांचा, ५० वर ८ तासांचा आणि ६० वर ६ तासांहूनही कमी. मात्र सर्वांत लवकरचा सूर्यास्त या दिवशी होत नाही. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे डिसेंबरात खरी माध्यान्ह, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असण्याची वेळ, घड्याळाच्या मानाने रोज थोडी उशिरा येते. परिणामी ४० अक्षांशावर सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीला, आणि २० अक्षांशावर नोव्हेंबरच्या उत्तरार्धातच. याची दुसरी बाजू म्हणजे सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीत येतो. वर्षअखेरीच्या सुट्टीत संध्याकाळ हळूहळू लांबायला लागलेली असते, पण पहाटेची सहल ठरवाल तर अंधार नोव्हेंबरपेक्षा जास्त वेळ सोबत करेल.

आता उलटं मोजणं. समजा सूर्यास्त ५.१५ ला आहे. वाहनापाशी उजेडात, म्हणजे ४.४५ ला पोहोचायचं. उतरायला दीड तास, तर ३.१५ ला वरून निघायचं. वर जेवण आणि आराम सव्वा तास, म्हणजे २ वाजता माथ्यावर. मुलं आणि थांबे धरून चढायला अडीच तास, तर पायथ्याहून ११.३० ला सुरुवात. दोन तासांच्या प्रवासाला धुकं, इंधन, चहा यांसाठी अर्धा तास जोडला की घरून ९ ला गाडी हलली पाहिजे. आणि ९ ला गाडी हलायची असेल तर जमायची वेळ ८.३० सांगावी लागते. ‘दहापर्यंत निघू’ म्हणणाऱ्या गटाचा शेवटचा टप्पा अंधारात जातो, कारण उशीर सकाळी होतो आणि त्याचा हिशेब संध्याकाळी चुकवावा लागतो. पश्चिमेला उंच कडा असेल, तर दरीत ऊन पंचांगातल्या सूर्यास्ताच्या कितीतरी आधी जातं. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर कामापुरता संधिप्रकाश २० अक्षांशावर वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. ५० अक्षांशावर हिवाळ्यात ३५ ते ४० मिनिटं मिळतात. पण हा वेळ हिशेबात धरू नका, तो चुकीला राखून ठेवा.

तारीख आपल्या हातात असेल तर चंद्र बघून ठरवावी. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो आणि रात्रभर असतो. सूर्याच्या बरोबर समोर असल्याने हिवाळ्यात तो आकाशात खूप उंच चढतो, म्हणून थंडीतलं चांदणं अंगणात थेट वरून पडतं. मोकळ्यावर जेवण किंवा गाण्याची बैठक असेल तर पौर्णिमा किंवा तिच्या आधीचे दोन दिवस घ्या. नंतरचे दिवस त्या मानाने अडचणीचे, कारण चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो.

तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या आसपास जा. उल्कावर्षावांत डिसेंबरचा मिथुन राशीतला सर्वांत भरवशाचा. तो १३-१४ डिसेंबरला भरात असतो आणि त्याचा उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून येताना भासतात ती आकाशातली जागा, संध्याकाळीच वर यायला लागतो, त्यामुळे मुलांना रात्री दोनपर्यंत जागवावं लागत नाही. नऊ-दहापासूनच उल्का दिसू लागतात. ऑक्टोबरच्या २१-२२ चा मृग नक्षत्राकडचा वर्षाव हॅलेच्या धूमकेतूने मागे सोडलेल्या धुळीचा, पण तो मध्यरात्रीनंतरचा. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. टॉर्चवर लाल कागद बांधा.

रंग बदलणारी पानं बघायला जाणाऱ्यांनी मुक्कामाची तारीख फार आधी पक्की करू नये. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हरितद्रव्य ओसरलं की तो दिसतो. लाल रंग मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो आणि त्याला उन्हाचे दिवस व गार, पण गोठवणाऱ्या नव्हेत अशा रात्री लागतात. रंग भरात असतानाचे दिवस थोडे, आणि एका वादळी पावसात झाड रिकामं होतं. वाट आणि वाहन ठरवून ठेवा, दिवस चार-पाच दिवस आधी निवडा. उंचीवर रंग आधी येतो, म्हणून पायथ्याशी चुकला तर वर शोधण्यात अर्थ नाही. मात्र वर चुकला असेल तर खाली नक्की बघा.

थंडीचा अंदाज घेताना फक्त तापमानाचा आकडा बघणं पुरत नाही. हवा ५ अंश सेल्सिअस आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला ते ० अंशासारखं लागतं. ० अंशाला तोच वारा असेल तर उणे ६-७ सारखं. शिवाय दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश उतरतात, त्यामुळे पायथ्याच्या गावाचा अंदाज वाचून माथ्यासाठी कपडे घेतले की हुडहुडी ठरलेली. बसण्याची जागा निवडताना खोलगट भाग टाळा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते आणि गार हवा जड असल्याने वाहत जाऊन सखल भागात साचते. तळ्याकाठची सपाट जागा दुपारी सुंदर दिसते आणि रात्री आठला तिथेच दव आणि धुकं उतरतं. उतारावर थोडं वर, वाऱ्याकडे पाठ असलेली भिंत किंवा दाट झुडूप गाठलं तर तीच रात्र सुसह्य होते. मोकळ्या हवेत हीटर लावण्याआधी तीन बाजूंनी कनात बांधा. वारा अडला की निम्मं काम होतं, आणि वाहत्या वाऱ्यात हीटरची ऊब कुणाच्याच वाट्याला येत नाही.

पाहुणे गारठतात ते बहुतेकदा खालून. लोखंडी खुर्ची, फरशी आणि ओली जमीन अंगातली ऊब सतत ओढून घेतात. वर शाल आणि खाली नुसती सतरंजी असं केलं तर तासाभरात मंडळी उठायला लागतात. जमिनीवर आधी प्लास्टिक, त्यावर फोमची चटई, त्यावर सतरंजी असा क्रम ठेवा. खुर्चीवर घडी केलेलं पांघरूण ठेवलं तरी मोठा फरक पडतो. घरातल्या वृद्ध माणसांसाठी हे आधी करा, कारण थंडी वाजते असं ती सहसा सांगत नाहीत.

चालायच्या सहलीला अंगालगतचा कपडा सुती नको. घाम सुतात मुरतो, लवकर वाळत नाही, आणि थांबलात की तोच ओला कपडा अंग गार करतो. अंगालगत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा, मध्ये ऊब धरणारा, वर वारा अडवणारा असे तीन थर हवेत. चढाला लागायच्या आधी, किंचित थंडी वाजत असतानाच, मधला थर काढून पिशवीत टाका. घाम आल्यावर काढण्यात उपयोग नाही. मोज्यांवर मोजे चढवून बूट घट्ट केला तर रक्ताभिसरण मंदावतं आणि पाय उलट जास्त गार पडतात. दारूने अंगात ऊब आल्यासारखी वाटते, पण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावून अंगातली उष्णता बाहेर जाते. उघड्यावर रात्र काढायची असेल तर ती नकोच.

खाण्यापिण्यात एक आकडा पाठ असू द्या: गरम पदार्थ ६० अंशांच्या वर राहिला पाहिजे. त्याखाली आलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, हवा गार असली तरीही, कारण झाकलेल्या जाड भांड्याच्या आतला भाग बराच वेळ कोमटच राहतो आणि जंतूंना तेवढं पुरतं. थर्मास भरण्याआधी उकळतं पाणी घालून पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा, मग ते ओतून उकळता पदार्थ काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो, म्हणून एका मोठ्यापेक्षा दोन मध्यम बरे, एक उघडला तरी दुसरा बंद राहतो. दोन-तीन तासांच्या बैठकीला माणशी दीडशे मिलिलिटरचे दोन पेले धरले तर वीस जणांना ६ लिटर लागतं. त्यावर एक-दोन लिटर जास्त ठेवा, कारण थंडीत लोक हात शेकायलाही पेला मागतात. साधं पाणीही पुढे करत राहा. गारठ्यात तहान लागल्याचं कळत नाही, आणि परतताना डोकी दुखतात ती यामुळेही.

छोट्या डब्याचा गॅस स्टोव्ह नेणाऱ्यांनी डब्यावर काय लिहिलंय ते वाचावं. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. हवा शून्याच्या जवळ गेली की तो वायूच होत नाही, आणि भरलेल्या डब्याचीही ज्योत मरगळते. आयसोब्युटेन उणे ११-१२ पर्यंत आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होत राहतात, म्हणून या दोघांचं मिश्रण असलेला डबा घ्या आणि रात्री तो पांघरुणात ठेवा. डबा आगीजवळ धरून तापवायचा विचारही करू नये. मोबाइलची बॅटरीही गारठ्यात लवकर बसते, तो आतल्या खिशात ठेवा. गोठणबिंदूखाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केली तर ती कायमची खराब होऊ शकते. टायरमधली हवा तापमान पाच-सहा अंश उतरलं की साधारण एक पीएसआयने कमी होते, तेव्हा ती निघायच्या सकाळी, गाडी पळवण्याआधी, तपासा.

दिव्यांच्या माळा बाहेर लावायच्या असतील तर बाहेरच्या वापरासाठी बनवलेल्याच हव्यात. दव पडतं, आणि जोडाची जागा जमिनीवर असेल तर पहिला बिघाड तिथेच होतो. जोड जमिनीपासून वर टांगा. गुंडाळीची एक्स्टेन्शन वायर पूर्ण उलगडूनच वापरा, वेटोळ्यात उष्णता साठून वायरचं आवरण वितळतं.

दिवस ठरवताना राखीव दिवसही त्याच निरोपात कळवा. पाच दिवसांपर्यंतचा हवामानाचा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो, दहा दिवसांपलीकडच्या अंदाजावर काही ठरवू नये. शेवटचा निर्णय ४८ तास आधी घ्या आणि तो कोण घेणार हेही आधीच सांगून ठेवा. सगळ्यांना विचारत बसलं की ज्यांची सुट्टी पक्की आहे ते ‘जाऊच’ म्हणतात आणि लहान मूल असलेले गप्प राहतात.

शेवटी शेकोटी. झाडं, तंबू आणि वाळकं गवत पाच मीटर लांब हवं. ओलं लाकूड नुसतं धुमसतं आणि धूर होतो, म्हणून टोकाला तडे गेलेलं, दुसऱ्यावर आपटलं की खणखणीत वाजणारं लाकूड घ्या. बद्द आवाज आला तर ते आतून ओलं आहे. पेटवायला काडीएवढ्या, मग बोटाएवढ्या, मग मनगटाएवढ्या काटक्या हव्यात, आणि बारीक काटक्या वाटतात त्याच्या दुप्पट लागतात. निखाऱ्याची शेगडी रात्री तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका, विझत आलेली असली तरी नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग, आणि झोपलेला माणूस जागा होत नाही. आग विझवायला निघण्याच्या अर्धा तास आधी लागा. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता, आणि राखेजवळ उलटा हात धरून बघा. ऊब लागली तर अजून पाणी हवं. त्यासाठी पिण्याच्या पाण्याशिवाय किमान दोन बादल्या पहिल्यापासूनच शेकोटीशेजारी भरून ठेवलेल्या असाव्यात.