क्लिओपात्राची वर्तुळं : नोंद चौथी

काल रात्री साडेअकराला शेवटची पट्टी टाचून झाली आणि ड्रेस पहिल्यांदा हँगरवर चढला. पोटावरचं मोठं वर्तुळ अखेर सपाट बसलंय. मागच्या नोंदीत या वर्तुळाला पडणाऱ्या सुरकुत्यांबद्दल लिहिलं होतं; त्या ज्यांना आठवत असतील, त्यांना माझा आनंद वेगळा सांगायला नको.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मी १९२५च्या धाटणीचा ड्रेस शिवते आहे. खांद्यापासून सरळ खाली पडणारा, कंबरेची शिवण नितंबांवर उतरलेली, बाह्या नसलेला. त्यावरची वर्तुळं घेतली आहेत चित्रकार सोनिया दलोनेने १९१८ साली ‘क्लेओपात्र’ या बॅलेतल्या राणीसाठी केलेल्या पोशाखावरून. तो पोशाख आज लॉस एंजेलिसच्या कौंटी म्युझियममध्ये आहे: रेशीम, टिकल्या, आरसे, मणी, लोकर, लामे (जरीच्या तारांचं चमकतं कापड), सगळं एकाच अंगावर. मला त्याची नक्कल करायची नाही. रंगमंचावरचे हे रंग काही वर्षांत फ्लॅपर म्हणजे १९२०च्या दशकातल्या नव्या फॅशनच्या, बंधनं झुगारणाऱ्या मुलींच्या रोजच्या कपड्यांत कसे शिरले, ते मला शिवून बघायचंय.

‘क्लेओपात्र’ मुळात १९०९चा. दिआघिलेव्हच्या ‘बॅले रूस’ या बॅले कंपनीने पॅरिसमध्ये तो केला तेव्हा कपडे लेओं बाक्स्तचे होते आणि राणी होती ईडा रुबिनस्टाइन. दासी तिच्या अंगावरची एकेक ओढणी उलगडत जायच्या आणि प्रेक्षक श्वास रोखून बघायचे. १९१७च्या दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात त्याचं नेपथ्य आगीत गेलं. पुढच्या वर्षी लंडनसाठी सगळं नव्याने करायचं ठरलं. नेपथ्य सोनियाचा नवरा, चित्रकार रॉबेर दलोनेकडे आलं, राणीचा पोशाख सोनियाकडे.

त्याच सुमाराला, रशियात क्रांती झाल्यामुळे, सोनियाला पीटर्सबर्गच्या मालमत्तेतून मिळणारं उत्पन्न थांबलं होतं. युद्धामुळे हे जोडपं पॅरिसबाहेर, स्पेन-पोर्तुगालमध्ये अडकलेलं. पैसे कमवायलाच हवे होते. बॅलेचं काम आलं आणि माद्रिदमध्ये तिने ‘कासा सोनिया’ हे दुकानही थाटलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. बॅलेचा फॅशनवरचा परिणाम म्हटलं की आपण समजतो, कुणीतरी प्रेक्षकांत बसून बघितलं आणि घरी जाऊन उचललं. पॅरिसचा फॅशनकार प्वारे याच्या हॅरेम पॅन्टबद्दल (घोट्याशी आवळलेल्या घोळदार विजारीबद्दल) असं नेहमी म्हटलं जातं आणि तो स्वतः बाक्स्तचं ऋण कधी मान्य करत नसे. पण इथे उचलाउचलीचा प्रश्नच येत नाही. राणीचा पोशाख आणि दुकानातला कपडा एकाच बाईच्या हातातून, एकाच गरजेतून निघाले.

त्या हाताची सुरुवात कुठे, तर गोधडीत. १९११ साली सोनियाने आपल्या तान्ह्या मुलासाठी कापडाचे तुकडे जोडून पांघरूण शिवलं. लहानपणी युक्रेनमधल्या शेतकऱ्यांच्या घरी बघितलेली तुकड्यांची पांघरुणं तिच्या डोळ्यांसमोर होती. ज्यांच्या घरात जुन्या लुगड्यांची गोधडी आहे, त्यांनी त्या पांघरुणाचा फोटो जरूर बघा. शेजारी ठेवलेल्या दोन तुकड्यांनी एकमेकांचा रंग बदलतो, हे आपल्या आज्यांना कुठल्याही चित्रकलेच्या वर्गाशिवाय ठाऊक होतं.

आता कामाचं. पहिला ड्रेस मांजरपाटावर बेतला होता. त्यावर कागदाची वर्तुळं टाचण्यांनी लावून घरात चालून बघितलं आणि पूर्ण निराश झाले. पोटावरचं वर्तुळ पाऊल टाकलं की भलतीकडेच डोलायचं. दोन दिवसांनी कारण उमगलं. बॅलेचा पोशाख अंगाला धरून बसतो, त्यामुळे वर्तुळ शरीराचंच होऊन जातं. फ्लॅपरचा ड्रेस खांद्यावरून लोंबतो, पोटाला तो टेकतही नाही. तिथे अखंड वर्तुळ लावलं की ते ताटासारखं लटकतं. म्हणून मी ते नितंबांवरच्या शिवणीशी कापलं. वरचा अर्धा भाग आहे तिथेच, खालचा चार इंच डावीकडे सरकवला. आता चालताना दोन कमानी एकमेकींना भेटतात आणि सुटतात. सोनियाच्या १९२०च्या दशकातल्या कपड्यांत अखंड चकत्यांपेक्षा त्रिकोण, पट्टे, नागमोडी रेषा जास्त दिसतात. त्यामागेही हेच असावं असा माझा अंदाज आहे.

सुरकुत्यांचं उत्तर आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी दिलं. मी वर्तुळांच्या कमानींसाठी रंगीत पट्ट्या उभ्या धाग्यावर कापत होते. काकांनी एक तुकडा हातात घेऊन ताणला आणि म्हणाले, “ताई, गोल बसवायचंय तर उरेब काढा, आणि शिवायच्या आधी इस्त्रीने वळवा.” पाऊण इंची उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यावर कापलेल्या, पट्ट्या, वाफेच्या इस्त्रीखाली बाहेरची कड ताणत, आतली दाबत वळवल्या. मग कच्चे टाके, मग बारीक हातशिलाई. बस्स. तीन आठवडे जे जमत नव्हतं ते एका संध्याकाळी झालं.

रंग पाच ठेवलेत: शेंदरी, जांभळा, पिवळा, काळा आणि मोरपंखी. आधी सोनेरी लामेही घेतलं होतं, पण रेशमी क्रेपवर ते जड होऊन गळा खाली ओढतं. खांद्याच्या शिवणीत आतून सुती फीत घातली, तरी लामे काढून टाकावंच लागलं. ते वजन रंगमंचावर चालून जातं, दिवसभर घालायच्या कपड्यात नाही.

चमक आता आरी वर्कमधून, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या सुईच्या भरतकामातून, आणते आहे. फ्रान्समधल्या लुनेव्हिलच्या आकड्याचं काम आणि आपली आरी यांची मूळ युक्ती एकच: ताणलेलं कापड, आकडा आणि साखळी टाका. फरक इतकाच की तिथे मणी आधीच दोऱ्यात ओवून कापड उलट्या बाजूने भरतात, तर आपल्याकडे सुलट बाजूने आरीच्या टोकावर एकेक मणी उचलतात. १९२०च्या दशकातले मण्यांनी भरलेले ते झगमगते ड्रेस असेच आकड्याने भरले जायचे. साखळी टाक्याचा धोका माहीत आहेच: एक टोक सुटलं की सगळी ओळ उसवत जाते. म्हणून मी प्रत्येक कमानीच्या शेवटी दोरा तोडून गाठ मारते. वेळ दुप्पट लागतो, पण नाचताना मणी जमिनीवर सांडणार नाहीत. काळ्या कमानीवर कटदाणा (काचेचे बारीक मणी) भरून झालाय, शेंदरीवर निम्मा.

काहींनी विचारलं होतं की फॅशनकार शानेलने कपडे केलेला ‘ल त्रें ब्ल’ का नाही घेतला. तोही बॅले मला आवडतो, पण १९२४च्या त्या प्रयोगात वाट उलटी होती. तिथे समुद्रकिनाऱ्यावरचे लोकरी पोहण्याचे कपडे रंगमंचावर चढले. मला रंगमंचावरून रोजच्या कपड्यांकडे जाणारी वाट हवी होती. ती १९२५च्या पॅरिस प्रदर्शनात, अलेक्झांडर तिसरा पुलावरच्या दुकानात पोहोचते. सोनियाने पॅरिसच्या फॅशनकार झाक हाईमबरोबर तिथे आपले कपडे मांडले होते.

उरलंय ते असं: शेंदरी कमानीचा निम्मा कटदाणा, मुंढ्यांना काळी उरेब गोट आणि खालची दुमड. लांबी गुडघ्याच्या दोन इंच खाली धरली आहे. अस्तर क्रेपचंच घालावं की पातळ मलमलचं, यावर अजून अडले आहे. मलमल लावलं तर क्रेपची पडण कडक होईल अशी भीती वाटते. ज्यांनी सरळ ड्रेसला मलमलचं अस्तर लावून बघितलंय, त्यांनी खालच्या घेराला ते सुटं ठेवलं की शिवून टाकलं, तेवढं मला कळवा.