रोज थोडाथोडा शेक कशाला, एकदाच का नाही देत?

कॅन्सरसाठी रेडिएशनला, म्हणजे शेकाला आलेल्या पेशंटचे नातेवाईक एक गोष्ट हमखास विचारतात, की सहा-सात आठवडे रोज ये-जा करायची, तीही पाच-दहा मिनिटांच्या शेकासाठी, त्यापेक्षा दोन-चार दिवसांत मोठा डोस देऊन मोकळं का करत नाही? प्रश्न अगदी रास्त आहे. चांगल्या पेशींना मधल्या वेळात सावरता येतं हे डॉक्टर सांगतातच, पण ऑक्सिजनबद्दल कोणी फारसं बोलत नाही म्हणून आज लिहितेय.

नेहमीचं रेडिएशन म्हणजे जोरदार एक्स-रे. त्यामुळे पेशीच्या डीएनएला जी इजा होते ती तिथे ऑक्सिजन असेल तर पक्की होते, नसेल तर पेशी बरंचसं नुकसान भरून काढते. म्हणजे ऑक्सिजन नसलेली कॅन्सरची पेशी मारायला अडीच ते तीन पट डोस लागतो! आणि गाठीत अशा पेशी असतातच, कारण गाठ भराभर वाढते आणि रक्तवाहिन्या मागे पडतात. 1955 मध्ये थॉमलिन्सन आणि ग्रे या संशोधकांनी फुफ्फुसाच्या कॅन्सरचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघितले तेव्हा रक्तपुरवठ्यालगत जिवंत पेशींचा पट्टा आणि साधारण 0.15 ते 0.18 मिलिमीटरच्या पुढे सगळं मेलेलं असं दिसलं. त्या सीमेवर अर्धपोटी पण जिवंत असलेल्या ज्या पेशी, त्याच पुढे डोकेदुखी होतात.

आता 2 ग्रेचा (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) रोजचा डोस काय करतो बघा. आधी वाहिनीजवळच्या, ऑक्सिजन मिळणाऱ्या पेशी मरतात, त्या मेल्या की त्यांच्या वाट्याचा ऑक्सिजन आत झिरपतो, हळूहळू गाठही आक्रसते, कालपर्यंत उपाशी असलेल्यांना ऑक्सिजन मिळायला लागतो आणि पुढच्या शेकात त्या सापडतात. प्रत्येक गाठीत हे सारख्याच वेगाने होत नाही, पण मधले तास हासुद्धा उपचारच आहे. म्हणून स्वतःहून सुट्ट्या घेऊन चालत नाही हां, जास्त खंड पडला तर उरलेल्या पेशी परत वाढायला लागतात.

एका वेळी 10 ग्रेच्या वर गेलं तर रक्तवाहिन्याच खराब होऊन ऑक्सिजन उलट कमी होऊ शकतो. तरी फुफ्फुसातल्या छोट्या गाठींना असे मोजकेच मोठे डोस देतात आणि रिझल्ट छान येतात, कारण डोसच इतका जबरदस्त असतो. पण मानेतल्या मोठ्या, आतून सडलेल्या गाठीला तोच हिशेब लावणं मला पटत नाही.

एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचा शेक देतात त्याबद्दल हल्ली खूप विचारतात, खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं केंद्र) सुरू झाल्यापासून तर जास्तच. प्रोटॉनचा फायदा म्हणजे ते ठरलेल्या खोलीवर थांबतात, मागचा भाग वाचतो. पण ऑक्सिजनच्या बाबतीत ते जवळजवळ एक्स-रेसारखेच. कार्बन आयन (कार्बनचे विद्युतभारित, जड कण) मात्र वेगळे, जपानात चिबाला 1994 पासून देतात, ते डीएनएवर इतके दाट घाव घालतात की ऑक्सिजनवाचून त्यांचं फारसं अडत नाही.

मग एक्स-रेवाल्यांनी काय करायचं? डेन्मार्कमध्ये घशाच्या कॅन्सरला शेकाआधी निमोराझोलच्या गोळ्या देतात, त्या ऑक्सिजनचं काम थोडंफार करतात. हिमोग्लोबिन कमी असलं की नातेवाईक लगेच रक्त चढवा म्हणतात, पण तिथल्याच चाचणीत नुसतं रक्त चढवून रिझल्ट सुधारले नाहीत. बिडी-सिगरेट मात्र खरंच बंद करा, रेडिएशन चालू असताना तर नक्कीच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटतो आणि गाठीपर्यंत पोचणारा ऑक्सिजन आणखी कमी होतो, तोंडाच्या-घशाच्या पेशंटना हे मी रोज सांगते.