पंधरा मिनिटांचं तिकीट

लेक मिलानला शिकायला गेली तेव्हाच नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बजावलं होतं, "तू जाशील तेव्हा ती भिंत बघून ये." भिंत म्हणजे लिओनार्दो दा विंचीचं 'द लास्ट सपर', येशूचं बारा शिष्यांबरोबरचं शेवटचं जेवण. नाना चित्रकलेचे मास्तर. संभाजीनगरहून अजिंठा शंभरेक किलोमीटर, त्यामुळे घरी पाहुणे आले की नाना त्यांना घेऊन निघायचे आणि आम्हा भावंडांनाही गाडीत कोंबायचे. चित्र म्हटलं की मला अजून वटवाघळांचा वास येतो आणि गाईडने आरसा धरून गुहेत वळवलेला उन्हाचा कवडसा आठवतो.

व्हिसाचं पुराण सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं. माझं घोडं अडलं ते तिकिटाशी. मला वाटलं होतं जायचं, रांगेत उभं राहायचं, पैसे द्यायचे. तसं नाही. तिकिटं काही महिन्यांची एकदम खुली होतात आणि बघता बघता संपतात. मी साइट उघडली तेव्हा अख्खा मे महिना राखाडी. एजंटांकडे होती, पण पंधरा युरोच्या तिकिटाचे ते सांगत असलेले भाव ऐकून मी फोन ठेवला.

मग लेकीनेच शोध लावला. दर बुधवारी दुपारी बाराला पुढच्या आठवड्याची थोडी तिकिटं सोडतात. तिथले बारा म्हणजे आपले साडेतीन. निघायच्या आधीच्या बुधवारी मी जेवणं लवकर उरकून लॅपटॉपपुढे बसले. साडेतीनला दोन जागा दिसल्या, नावं भरली, कार्डाचा नंबर टाकला आणि ओटीपीची वाट बघत बसले. बँकेचा ओटीपी आला तो तिकिटं हातातून सुटल्यावर. त्या मेसेजकडे बघून मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पुढच्या बुधवारी मी मिलानमध्येच होते. लेकीने तिचं तिथलं कार्ड वापरलं आणि दोन मिनिटांत तिकिटं आली. मंगळवार, सकाळी सव्वानऊ.

हाती आठवडा होता, म्हणून लेकीच्या ग्रंथालयात जाऊन थोडं वाचलं. बरं झालं वाचलं, नाहीतर त्या पंधरा मिनिटांत मला काही उमगलं नसतं.

इटलीत भिंत रंगवायची रीत म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा. गिलावा वाळताना रंग त्यातच मुरतो आणि शतकानुशतकं टिकतो. पण त्यात घाई करावी लागते. दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा, चुकलं तर खरवडून काढायचं. लिओनार्दोचा स्वभाव तसा नव्हता. त्याला थांबून बघायचं होतं, खोडायचं होतं, छटेवर छटा चढवायची होती. म्हणून त्याने कोरड्या भिंतीवर रंगवलं. १४९५ ते १४९८ हा साधारण काळ, मिलानचा ड्यूक लुदोविको स्फोर्झा याचं काम, जागा सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या मठाचं भोजनगृह. लिओनार्दोच्या हयातीतच रंगाचे पोपडे सुटायला लागले.

त्यानंतर त्या भिंतीवर काय काय गुदरलं! १६५२ मध्ये कुणाला तरी दार मोठं करायचं होतं, तर थेट चित्रातूनच दार काढलं. येशूचे पाय गेले. नेपोलियनच्या सैन्याने तिथे घोडे बांधले. ऑगस्ट १९४३ मध्ये बॉम्ब पडला, छत आणि एक बाजूची भिंत कोसळली. चित्राची भिंत वाचली, कारण तिला आधीच वाळूची पोती आणि फळ्या लावून ठेवल्या होत्या.

आणि दुरुस्त्या! जो आला त्याने वर आपला रंग चढवला. शेवटी पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन या बाईंनी १९७८ मध्ये काम हाती घेतलं ते १९९९ मध्ये संपवलं. एकवीस वर्षं एक भिंत. सूक्ष्मदर्शकाखाली बघत त्या इतरांचे थर उतरवत गेल्या. जिथे मूळ रंगच उरला नव्हता तिथे फिका जलरंग भरला, पुढे कुणाला नको वाटला तर पुसता यावा असा.

वाचताना एका जागी मी थबकले. त्यांच्याही आधी, युद्धानंतर, माउरो पेल्लिचोली नावाच्या तज्ज्ञाने सुटलेले पोपडे भिंतीला परत धरून ठेवायला लाख वापरली होती. लाख! नानांच्या तोंडून हा शब्द शंभरदा ऐकलेला. निजामाने १९२० मध्ये अजिंठ्यासाठी इटलीहून माणसं बोलावली, लोरेन्झो चेक्कोनी आणि त्यांचा सहकारी ओर्सिनी. त्यांनी सुटणारा गिलावा पक्का केला, ते काम चांगलंच झालं. पण चित्रांवर लाखेचं व्हार्निशही फासलं. ते पुढे पिवळं पडलं आणि काढता काढता पुरातत्त्व खात्याला दमवलं. "पद्मपाणीला कावीळ झाली ती इटलीवाल्यांमुळे," असं नाना पाहुण्यांना सांगायचे. पाहुणे हसायचे, नाना नाही.

मंगळवारी अर्धा तास आधी पोचलो. तिकिटावर नाव असतं, ते ओळखपत्राशी ताडून बघतात. पिशव्या लॉकरमध्ये. मग काचेच्या दारांची खोली. मागचं दार बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही, कारण आत धूळ आणि दमट हवा जायला नको. आम्ही जेमतेम पस्तीस-चाळीस माणसं तिथे लिफ्टमध्ये अडकल्यासारखी गप्प उभी. शेवटचं दार सरकलं आणि सगळे उजवीकडे वळले.

मोठं आहे ते. जवळजवळ नऊ मीटर रुंद, साडेचार मीटरच्या वर उंच. फिकं आहे, धुक्यातून बघितल्यासारखं, आणि पहिले क्षणभर, खरं सांगते, मी हिरमुसले. मग डोळे सरावले. चित्रातला उजेड डावीकडून येतो आणि त्या खोलीच्या खऱ्या खिडक्याही डावीकडेच आहेत. म्हणजे जेवायला बसलेल्या मठवाल्यांना आपल्याच खोलीच्या टोकाला आणखी एक पंगत बसलीय असं वाटत असणार.

मी मधल्या माणसाकडे कमी आणि टेबलाकडेच जास्त बघत राहिले. पांढरी चादर, तिच्यावर निळ्या विणीचे पट्टे, आणि घड्या! कपाटातून आत्ताच काढून अंथरावी तशा इस्त्रीच्या घड्या अजून उभ्या आहेत. कथलाच्या ताटांत माशाचे तुकडे, संत्र्याच्या फोडी, आणि ताटाच्या चकाकीत समोर बसलेल्याच्या कपड्याचा रंग उतरलेला. "तुमच्यातला एकजण मला दगा देणार," हे वाक्य नुकतंच पडलंय, बारा जणांचे हात हवेत आहेत, आणि लिओनार्दोला चादरीची घडी महत्त्वाची वाटली. कोरड्या भिंतीचा हट्ट कशासाठी होता ते तिथे कळलं. दगा देणाऱ्या यहूदाच्या मुठीत पैशांची थैली आहे, तीही तेव्हाच नीट दिसली.

लेकीने कोपर मारलं. "आई, पाच मिनिटं राहिली."

तेव्हा नाना आठवले. अजिंठ्यात ते आधी पाठ फिरवायला लावायचे. सगळे ज्याच्याकडे बघतात त्याच्या विरुद्ध बाजूला काय आहे ते आधी बघा, छत बघा. मी वळले. समोरच्या भिंतीवर मोंतोर्फानोचं क्रुसावर चढवण्याचं चित्र आहे, १४९५ चं, ओल्या गिलाव्यावरचं. गर्दीच गर्दी, रंग ठणठणीत. त्याच्याकडे कुणीही बघत नव्हतं. त्यातच खाली दोन्ही कोपऱ्यांत ड्यूकच्या कुटुंबाची गुडघे टेकलेली माणसं आहेत, नंतर कोरड्यावर काढलेली, लिओनार्दोच्या हातची मानतात. ती जवळपास नाहीशी झालीत. नुसत्या सावल्या. एकाच भिंतीवर मोंतोर्फानो ठणठणीत, लिओनार्दो पुसलेला.

घंटी झाली, दार उघडलं, आम्ही बाहेर.

संध्याकाळी नानांना व्हिडिओ कॉल लावला. पहिलाच प्रश्न, "मागे बघितलंस?"

"बघितलं. पण शेवटची दोन-तीन मिनिटंच."

"हं." नाराजी. मग मी लाखेचं सांगितलं. नाना गप्प झाले. लाख म्हणजे आपल्याकडच्या पळसा-बोरीवरच्या किड्यांची, जगभर बहुतेक इथूनच जायची, हे त्यांनीच मला शिकवलेलं.

"तिथे पिवळी पडली का?"

"तिथे तिने पोपडे धरून ठेवले, नाना."

"बघ," ते म्हणाले, "फिट्टंफाट व्हायची होती, तर तिथेही त्यांचाच फायदा," आणि फोन आईच्या हातात देऊन चष्मा पुसायला गेले.