कॅम्परचा दुसरा पावसाळा : ओलीशी झगडा, जून ते ऑगस्ट

आमची कॅम्पर, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेली मूळची फोर्स ट्रॅव्हलर व्हॅन, धायरीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभी असते. मागच्या सप्टेंबरात तिचे दार उघडले तेव्हा कुबट वासाचा लोट अंगावर आला आणि गादीखालच्या प्लायवर काळपट-हिरवी बुरशी हाताला लागली. चूक माझीच होती, कारण ‘हवा खेळती ठेवा’ हा सल्ला मानून छताचा झरोका आणि दोन खिडक्या मी चार महिने किलकिल्या ठेवल्या होत्या. जुलै-ऑगस्टात पुण्यातल्या बाहेरच्या हवेचीच आर्द्रता वरचेवर ८० टक्क्यांच्या वर असते. तेव्हा खिडकी उघडी ठेवणे म्हणजे पापड सादळू नयेत म्हणून डब्याचे झाकण काढून ठेवण्यासारखे होते.

यंदा गाडी बंद ठेवायची असे ठरवले. पण बंद करण्याआधी ती खरोखर कोरडी असायला हवी. आतली हवा साधारण १२ घनमीटर आहे, आणि २५ अंशांना एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळी हवा संपृक्त झाली तरी तिच्यात पाणी फार तर पाव लिटरच्या थोडे वर भरेल. खरा साठा गाद्यांत, प्लायमध्ये आणि फटींत असतो. म्हणून मेअखेरीस गाद्या-पडदे घरी आणले, सगळे कप्पे सताड उघडले आणि फ्रिजच्या दारात टॉवेलची गुंडाळी अडकवली. मागच्या दाराखालची निचऱ्याची भोके चिखलाने बुजली होती, ती सायकलच्या आऱ्याने मोकळी करताच दाराच्या पोकळीतून अर्धा पेला गढूळ पाणी बाहेर आले. शेडची पश्चिमेची बाजू उघडी असून झड तिकडूनच येते, आणि मागच्या दाराचे रबर जुने झाले आहे. त्यामुळे गाडीचे तोंड आता पश्चिमेकडे केले आहे. ताडपत्री मात्र मुद्दाम घातली नाही, कारण तिच्याखाली अडकलेली ओल लवकर सुकत नाही.

आर्द्रतामापकावर आंधळा विश्वास ठेवू नये, हेही यंदा कळले. वाटीतले मीठ पाण्याच्या थेंबांनी ओल्या वाळूइतके भिजवून ती वाटी मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवली, तर आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझा मापक ८१ दाखवत होता, त्यामुळे प्रत्येक नोंदीतून मी सहा वजा करतो.

शेडमध्ये कायमची वीज नसल्याने ओल शोषणाऱ्या यंत्राऐवजी कॅल्शियम क्लोराईड, म्हणजे हवेतली वाफ ओढून घेणारे क्षार, टबात घालून ठेवले. पहिल्या आठवड्यात टबात जवळजवळ ६०० मिलिलिटर पाणी साचले. चौथ्या आठवड्यात ते १५० वर आले. हे खारे पाणी सांडले तर पत्रा गंजवते, म्हणून तो टब दुसऱ्या मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवला आहे. सिलिका जेलच्या पुड्या कॅमेऱ्याच्या पेटीत ठीक, एवढ्या जागेला त्या पुरत नाहीत.

ऑगस्टात एका दुपारी लख्ख ऊन पडले आणि दारे उघडण्याचा मोह झाला. बाहेर २९ अंश व ६० टक्के, आत २६ अंश व ७० टक्के अशी नोंद होती. दहा टक्क्यांचा फरक भरघोस वाटतो, पण गरम हवेत वाफ जास्त मावते, त्यामुळे हिशेब केला तर दोन्हीकडे घनमीटरला साधारण १७ ग्रॅमच वाफ होती, किंबहुना बाहेर किंचित जास्तच. दारे बंदच ठेवली.

आज आतली आर्द्रता ६२ टक्के आहे आणि वास अजिबात नाही. सिंकमागचा कप्पा मात्र अजून ७३ दाखवतो. तिथे पाण्याच्या टाकीचा एखादा जोड पाझरत असावा असा संशय आहे, त्यामुळे येत्या रविवारी तिथला प्लाय उघडून पाहणार आहे.